नाझचा 'इलमॅटिक' : पहिल्या आठवड्यात साठ हजार, मग एवढं नाव कसं झालं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. हिप-हॉपवर इथे आधी थोडी चर्चा झालेली दिसली, पण मला हवं ते त्यात सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढते आहे.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. गेलं वर्षभर तो वहीत काहीतरी लिहितो आणि दार लावून तेच पुन्हापुन्हा म्हणत राहतो. विचारलं की "काही नाही गं" एवढंच. मागच्या महिन्यात त्याने आपणहून मला एक अल्बम पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, एकदा सलग ऐक, मधे थांबू नकोस." अमेरिकन रॅपर नाझ, त्याचा पहिलाच अल्बम, 'इलमॅटिक', 1994.

मी रक्तपेढीत काम करते, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते. पहाटे चार ते पाच या वेळात फोन सहसा वाजत नाही. त्या तासात मी तो दोन रात्री ऐकला. चाळीस मिनिटांचासुद्धा नाही, तेव्हा मधे थांबायचा प्रश्न आला नाही. पण खरं सांगायचं तर चार शब्दांतला एखादाच कळला. ठेका एकदा सुरू झाला की गाणं संपेपर्यंत तोच. गुणगुणावी अशी चाल हाताला लागली नाही, आणि शिव्याही बऱ्याच. एकच जागा मनात राहिली. तिसरं गाणं संपताना कुणीतरी ट्रम्पेटसारखं काहीतरी वाजवतं, फार हळुवार. ते मी तीनदा मागे नेऊन ऐकलं.

मग शोधाशोध केली आणि गोंधळ वाढला. हा अल्बम 19 एप्रिल 1994 ला आला, बिलबोर्डच्या यादीत बाराव्या क्रमांकावर, पहिल्या आठवड्यात जेमतेम साठ हजार प्रती. त्याच्या पाचच महिने आधी स्नूप डॉगचा पहिला अल्बम आला होता, तो थेट पहिल्या क्रमांकावर आणि पहिल्या आठवड्यात आठ लाखांच्या वर. असं असताना सर्वोत्तम अल्बमांची कुठलीही यादी उघडा, 'इलमॅटिक' आहेच. 2021 मध्ये तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत तो घेतला.

हे कसं घडलं? समीक्षकांनी उचलून धरलं म्हणून? की त्यात खरंच काही आहे, जे माझ्या कानाला अजून दिसत नाही? लेकाने "कसा वाटला?" विचारलं तेव्हा मी "छान आहे" म्हणाले, आणि त्याचा चेहरा उतरला. पुन्हा त्याला तसं उत्तर द्यायचं नाहीये.

---

बाराखडी

ताई, आधी आकड्यांचं. तुम्ही दिलेले बरोबर आहेत. त्यात एवढी भर घाला की पाच लाखांचं गोल्ड व्हायला जानेवारी 1996 उजाडला आणि दहा लाखांचं प्लॅटिनम डिसेंबर 2001 मध्ये झालं. म्हणजे साडेसात वर्षांहून जास्त काळ तो हळूहळू खपत राहिला. मधल्या काळात, जुलै 1996 मध्ये, नाझचा दुसरा अल्बम आला आणि तो पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

समीक्षकांचा मुद्दा अर्धा खरा आहे. तेव्हा 'द सोर्स' मासिकाचा शब्द हिप-हॉपमध्ये प्रमाण मानला जायचा. ते गुण 'माइक'मध्ये द्यायचे, जास्तीत जास्त पाच. डॉ. ड्रेच्या 'द क्रॉनिक'ला, ज्याने अख्ख्या अमेरिकेचा रॅप ऐकायचा कान बदलला, त्यांनी साडेचार दिले होते. 'इलमॅटिक'ला पाच मिळाले. एका वीस वर्षांच्या मुलाला, पहिल्याच अल्बमला. ते परीक्षण मिन्या ओ यांनी लिहिलं होतं, तेव्हा त्या 'शॉर्टी' या नावाने लिहायच्या. पुढे न्यूयॉर्कच्या रेडिओवर त्या 'मिस इन्फो' म्हणून ओळखल्या गेल्या.

ग्रॅमीचं म्हणाल तर तेव्हा रॅप अल्बमसाठी वेगळा पुरस्कारच नव्हता. तो पहिल्यांदा दिला गेला 1996 मध्ये.

अजून एक. 'खपला नाही' म्हणजे 'ऐकला गेला नाही' असं नाही. अल्बम दुकानात यायच्या आधीच त्याच्या चोरट्या कॅसेट न्यूयॉर्कभर फिरत होत्या. एका गॅरेजमध्ये साठ हजार चोरट्या प्रतींचा साठा सापडल्याची हकीकत अल्बमशी संबंधित लोक सांगतात. खरा खप आणि चोरटा खप एकाच मापाचा! तेव्हा बाराव्या क्रमांकावरून काही ठरवू नका.

त्यात काय आहे हे मात्र कानसेन यांनी सांगावं. ते या अल्बमवर बोलू शकतात.

---

कानसेन

बाराखडींनी नाव घेतलं म्हणून लिहितोय, आणि लांबेल याची कल्पना आहे.

मी डबिंगच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करतो. लोकांचे श्वास ऐकणं, नको तिथले कापणं, हवे तिथले ठेवणं, यात माझा दिवस जातो. त्यामुळे 'इलमॅटिक' मला आवडला तो अर्थ कळून नाही. दुसरं गाणं, 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड', हेडफोनवर ऐकत होतो आणि हा माणूस श्वास कुठे घेतो तेच सापडेना. मागे नेलं, पुन्हा ऐकलं, तरी सापडेना. ही 2009 सालची गोष्ट.

मग मी एक उद्योग केला. दोनशे पानी वही घेतली आणि त्या गाण्याचं पहिलं कडवं ऐकून उतरवायला बसलो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये नाही, देवनागरीत. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं, जे कानावर पडेल ते आपल्या अक्षरांत लिहायचं एवढंच ठरवलं होतं. अकरा रात्री लागल्या. ओळीच्या शेवटच्या यमकाला लाल पेन्सिल, ओळीच्या पोटातल्या यमकाला निळी. पानं पूर्ण झाल्यावर पाहिलं तर लालपेक्षा निळंच जास्त होतं.

एक जागा जवळून दाखवतो. गाण्यात तो म्हणतो की भांडण पेटलंय, हातातली बंदूक ऐन वेळी अडकलीय, आणि तो पळत इमारतीच्या लॉबीत शिरतो. शिरतो तर लॉबी लहान मुलांनी भरलेली. इंग्रजीत वाचलंत तर तिथलं यमक चटकन दिसणार नाही. देवनागरीत लिहा. एका ओळीचा शेवट 'लॉबी'. पुढच्या ओळीच्या मध्यात 'प्रॉबेबली', जे तो 'प्रॉब्ली' असं म्हणतो. आणि ओळ संपते 'हाय ॲज आय बी' वर. लॉबी, प्रॉब्ली, आय बी. तीन ठिकाणी तोच घाट, आणि प्रत्येक वेळी ठेक्याच्या वेगळ्या मात्रेवर पडलेला. आपल्याकडे यमक म्हणजे ओळीचं टोक. हा माणूस यमक ओळीत कुठेही टाकतो, आणि टाकलेलं ते उचलायला पुढच्या ओळीत बरोबर परत येतो.

पण मला त्या जागेवर थांबायला लावलं ते त्या मुलांनी. गोळीबारातून पळणारा माणूस आधी स्वतःचं बघेल. याला मुलं दिसतात. ती त्याच्याएवढी उंच बघू शकत नसतील, हा विचारही त्याला त्या धावपळीत सुचतो. हिप-हॉपमध्ये तेव्हा फुशारकी होती, राग होता, राजकारण होतं, आणि ते सगळं उत्तमच होतं. नाझ मात्र खिडकीत उभं राहून पाहिलेलं सांगतो. स्वतः गुन्ह्यात असतानासुद्धा त्याची जागा साक्षीदाराची असते.

आता ती इमारत. क्वीन्सब्रिज हाउसेस, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा लाँग आयलंड सिटी हा भाग, पुलाच्या अगदी शेजारी. सरकारी वसाहत, 1939-40 च्या सुमारास उभी राहिलेली. सहा मजली 96 इमारती, तीन हजारांवर घरं, अमेरिकेतली सगळ्यात मोठी सार्वजनिक वसाहत. खर्च वाचवायचा म्हणून बांधताना लिफ्ट फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर थांबेल अशीच ठेवली होती. बाकीच्यांनी जिने चढायचे. त्यामुळे जिने आणि लॉबी म्हणजे त्या वसाहतीचा चव्हाटाच. अल्बमभर जिने, लॉबी, बाकडी, खिडक्या येत राहतात ते उगाच नाही. नाझने शाळा आठवीतच सोडली, आई टपाल खात्यात नोकरीला, आणि मे 1992 मध्ये त्याचा जिवलग मित्र इल विल याच वसाहतीत गोळी लागून गेला. त्याच रात्री नाझच्या भावालाही गोळी लागली, तो वाचला. हे डोक्यात ठेवून अल्बम ऐकला की आवाजातला संयम जास्त कळतो. वीस वर्षांचा मुलगा, आणि आवाज कुठेही चढवत नाही.

क्वीन्सब्रिजला इतिहासही होता. मार्ली मार्ल आणि एम. सी. शान यांनी 1980 च्या दशकात या वसाहतीचं नाव गाजवलं. मग ब्राँक्सच्या केआरएस-वनने 1987 मध्ये आपल्या गाण्यातून त्यांना असं काही उत्तर दिलं की क्वीन्सब्रिजचा आवाजच बसला. काही वर्षांनी, 1991 मध्ये, मेन सोर्स या गटाच्या 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू' या गाण्यात एका सतरा-अठरा वर्षांच्या पोराचं कडवं आलं आणि लोक विचारायला लागले, हा कोण? तो नाझ. ताई, तुमचा मुलगा आज साधारण त्याच वयाचा आहे.

तरी कंपन्या दारात उभ्या नव्हत्या. एम. सी. सर्च हा रॅपर त्याचं काम घेऊन डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीच्या रसेल सिमन्सकडे गेला. सर्चने पुढे सांगितलंय की सिमन्स म्हणाले, हा कूल जी रॅप या रॅपरसारखा वाटतो, आणि कूल जी रॅप खपत नाही. शेवटी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत फेथ न्यूमन यांनी त्याला करारबद्ध केलं. म्हणजे 'खपेल का?' हा प्रश्न या अल्बमच्या जन्माआधीपासून त्याच्या मागे आहे.

ठेक्याबद्दल. तुम्हाला तो एकसारखा वाटला आणि तसा तो आहेही. लूप म्हणजे आवर्तन. तबल्याचा ठेका लेहऱ्याबरोबर तासभर चालला तरी आपण कंटाळत नाही, कारण कान समेकडे लागलेला असतो. इथेही तसंच ऐका. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'मधला पियानो हा जो चेंबर्सच्या 1970 च्या दशकातल्या एका जॅझ रचनेतला तुकडा आहे. डीजे प्रीमियरने तो कापून असा फिरवला की प्रत्येक आवर्तनात जिन्यात कुणीतरी एक पायरी खाली उतरतंय असं वाटावं. 'द वर्ल्ड इज युवर्स'मधला पियानो अहमद जमालचा आहे, तो पीट रॉकने घेतला. शेवटच्या गाण्यात लार्ज प्रोफेसरने मायकल जॅक्सनचं 'ह्यूमन नेचर' वापरलंय. 'वन लव्ह' क्यू-टिपचं. हे चौघेही आपापल्या घराण्याचे बुजुर्ग, पण तोपर्यंत न्यूयॉर्कमध्ये बहुतेक अल्बम एकाच माणसाच्या संगीतावर व्हायचे. चार घराण्यांनी एका नवख्या पोरासाठी आपली उत्तम चीज द्यावी, ही गोष्टच त्या शहरात बातमी होती. पुढे रॅप अल्बम असेच बनायला लागले.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. अल्बमला नाव मिळालं ते गिऱ्हाइकांकडून नाही आणि फक्त मासिकाकडूनही नाही. रॅप लिहिणाऱ्यांकडून. ज्यांनी ज्यांनी वही घेऊन लिहायला सुरुवात केली, त्यांनी तो कॅसेट झिजेपर्यंत ऐकला. दुसऱ्यांच्या लिखाणात तो उतरला. पुढच्याच वर्षी क्वीन्सब्रिजच्याच मॉब डीपचा 'द इन्फेमस' आला. तिसऱ्या गाण्यात पहिलं कडवं म्हणणारा एझी, अख्ख्या अल्बमवर पाहुणा रॅपर तो एकटाच, त्या एका कडव्यावर त्याला स्वतःचा करार मिळाला. लिहिणारे वाढत गेले तसतसा खपही वाढत गेला.

तुमच्या मुलाच्या हातात वही आहे. तो खुळखुळा म्हणून हा अल्बम ऐकत नाहीये, गुरू म्हणून ऐकतोय. त्याला "कसा वाटला" याचं उत्तर देऊ नका. "कुठली ओळ?" असं विचारा.

आणि ते ट्रम्पेटसारखं वाद्य, ते कॉर्नेट. वाजवणारे ओलू दारा, मिसिसिपीहून आलेले जॅझ वादक. नाझचे वडील.

---

रात्रपाळी

वडील?

आज पाळी आहे. पुन्हा ऐकते.

---

पश्चिमवारा

कानसेन, लिहिलंय सुंदर. तरी माझं थोडं वेगळं मत आहे आणि ते मांडायला हवं.

1994 मध्ये सगळी हवा लॉस एंजेलिसच्या बाजूने होती. ड्रे, स्नूप. न्यूयॉर्क, जिथे हिप-हॉप जन्मलं, ते मागे पडलं होतं आणि ते त्यांना फार लागलं होतं. मासिकं न्यूयॉर्कची, संपादक न्यूयॉर्कचे. त्यांना एक तारणहार हवा होता आणि तो सापडला. अल्बम चांगला आहे, पण पाच माइकमध्ये त्या गरजेचा वाटा आहे असं मला वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोटोरियस बी. आय. जी.चा 'रेडी टू डाय' आला. तोही पहिला अल्बम, तोही न्यूयॉर्कचाच. मला तो जास्त माणसांचा वाटतो. त्यात हसू आहे, भूक आहे, मित्राला फोन आहे. 'द सोर्स'ने त्याला साडेचार दिले. तो लाखोंनी खपला आणि नाझचा मागे राहिला, यात ऐकणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट, बायका. 'इलमॅटिक'मध्ये बाई माणूस म्हणून कुठे आहे? एक तर शिवी म्हणून येते, नाहीतर तुरुंगातल्या माणसाला पत्र न लिहिणारी म्हणून. ज्या आईने टपाल खात्यात नोकरी करून दोन मुलं वाढवली, ती या साक्षीदाराच्या खिडकीतून का दिसत नाही? ताई, तुम्हाला शिव्या खटकल्या असतील तर त्या खटकू द्या. मुलाशी त्यावरही बोला.

तिसरं, या कौतुकाने नाझचं भलं झालं का? दुसरा अल्बम आला तेव्हा 'हा विकला गेला' असं लोक म्हणाले, आणि पुढे प्रत्येक वेळी 'इलमॅटिकसारखा नाही' हे ऐकावं लागलं. ग्रॅमी मिळायला त्याला मार्च 2021 पर्यंत थांबावं लागलं, तोही 'किंग्ज डिसीज' या अल्बमसाठी. वीस वर्षांच्या वयात पैकीच्या पैकी गुण मिळाले की माणसाने पुढे जायचं कुठे?

---

कानसेन

बायकांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी इतकी वर्षं तो अल्बम ऐकतोय आणि आईचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आता प्रत्येक वेळी येईल.

न्यूयॉर्कच्या गरजेबद्दलही मान्य, पण एका मर्यादेपर्यंत. गरज होती म्हणून पाच माइक मिळाले असं समजू. गरज 1995-96 पर्यंत संपली. न्यूयॉर्क परत वर आलं, बिगी (म्हणजे नोटोरियस बी. आय. जी.) आला, वू-टँग आले, जे-झी आला. गरज संपल्यावर तो अल्बम विसरला जायला हवा होता. झालं उलटंच. मार्च 2014 मध्ये, अल्बमला वीस वर्षं होताना, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये नाझने तो सगळा नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत सादर केला. व्हायोलिन आणि चेलोंच्या रांगा, आणि त्यांच्यापुढे तीच लॉबी, तेच बाकडं. ते ध्वनिमुद्रण आवर्जून ऐका. प्रीमियरचा तो दोन-चार सुरांचा पियानो अख्ख्या वाद्यवृंदाला पुरून उरतो.

'रेडी टू डाय'शी तुलना मी टाळतो, दोन्ही माझेच आहेत. पण कव्हरवरून त्या काळी वाद झाला होता हे खरं. नाझच्या कव्हरवर लहान मूल, मग बिगीच्या कव्हरवरही लहान मूल, आणि 1995 मध्ये वू-टँगच्या रेकवॉनच्या अल्बममधल्या संवादात त्यावर टोमणा मारला गेला.

नाझच्या कव्हरवरचं ते मूल तो स्वतःच आहे, सात वर्षांचा. मागे क्वीन्सब्रिजच्या इमारती, आणि त्या मुलाचा चेहरा त्यांच्यातून आरपार उमटलेला. परदेश दौऱ्यावरून घरी आल्यावर वडिलांनी काढलेला फोटो आहे तो.

पुढे कुठे जायचं, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मला त्याचे नंतरचेही अल्बम आवडतात, दुसरा तर फारच, पण वही घेऊन बसलो तो याच एकासाठी.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहिते आहे कारण सांगण्यासारखं काही झालं.

शुक्रवारी सकाळी पाळी संपवून घरी आले. लेक उठलेला होता. मी कपडेसुद्धा न बदलता त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "कुठली ओळ?" आधी त्याला कळलंच नाही. मग म्हणाला, ओळ नाही, एक अख्खं कडवं आहे, 'वन लव्ह'मधलं तिसरं. मी म्हटलं, देवनागरीत लिहून दे, मला स्पेलिंग पाहिलं की ऐकू येत नाही. तो हसला, पण लिहायला बसला. रक्ताच्या पिशव्यांच्या नोंदी करायची एक जुनी, अर्धी कोरी वही माझ्या बॅगेत होती, तीच दिली.

तुम्हा सगळ्यांना माहीत असेल, मला नव्हतं. ते गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. पहिल्या कडव्यात मित्राला कळवतो की तुला मुलगा झालाय, तुझ्यासारखा दिसतो म्हणतात. ऐकून माझ्या पोटात कालवलं. बापाने अजून पाहिलेलं नाही आणि तोंडावळ्याची बातमी पत्रातून. तिसऱ्या कडव्यात मात्र नाझ बाकड्यावर येऊन बसतो आणि तिथे एक पोरगा भेटतो. धंद्यात उतरलेला, जवळ बंदूक असलेला, मोठ्या माणसासारखं बोलणारा. आणि मग कळतं, तो बारा वर्षांचा आहे.

लेकाने 'बारा' वर बोट ठेवलं. म्हणाला, "बघ आई, ओरडत नाही. कुठेच ओरडत नाही. फक्त वय सांगतो." पश्चिमवारा, तुमचा आईबद्दलचा मुद्दाही मी त्याला सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की खरंय, आणि मी पण तुझ्यावर काही लिहिलेलं नाहीये. मी त्याला म्हटलं नव्हतं हो लिही म्हणून.

कानसेन, तुम्ही कव्हरचं सांगितल्यामुळे मला एक दिसलं ते सांगते, चुकलं असेल तर सांगा. कव्हरवर सात वर्षांचं मूल. लॉबीत मुलं. बाकड्यावर बारा वर्षांचा. आणि सांगणारा वीस वर्षांचा. मी अल्बम ऐकताना बंदुका आणि शिव्या मोजत होते, आणि तो सगळा वेळ मुलं मोजत होता. आणि तिसऱ्या गाण्याच्या शेवटी त्याचे वडील येऊन वाजवतात, ते तर आता ऐकवतच नाही. म्हणजे ऐकते, पण एकटीच.

चहा झाल्यावर त्याने स्वतःची वही आणली. अक्षर नेहमीसारखंच कोंबडीचे पाय. मला लागेना. "राहू दे, मी म्हणतो," म्हणाला, आणि दार उघडंच ठेवून म्हणाला.

एक शंका उरली आहे. 'मेमरी लेन'मध्ये मागे ऑर्गनसारखं जे वाजतं ते कुणाचं आहे? त्यालाही माहीत नाही, आणि त्याला मला सांगायचंय.

---

कानसेन

रूबेन विल्सन, जॅझ ऑर्गनवादक. मूळ रचना 'वी आर इन लव्ह'. प्रीमियरने तिथूनच घेतलंय. मूळ आधी ऐकवा, मग 'मेमरी लेन' लावा. तो लूप कुठे सुरू होतो ते त्यालाच शोधू द्या.